‘कसं काय फसलात?’ हे नंतर विचारा

आमच्या अमळनेरकर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक बातमी येते. जळगाव-धुळ्याकडच्या कुणा निवृत्त माणसाला फोन आला, फोनवरच्यानं सांगितलं ते ॲप घेतलं आणि खातं रिकामं झालं. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात?’ ‘लोभ नडला.’ ‘या वयात स्मार्टफोन हवाच कशाला?’ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये बसून मी हे वाचते तेव्हा मला राग येतो. तो चोरांवर तर येतोच, पण या प्रतिक्रियांवर जास्त येतो, कारण चोरांचं निम्मं काम त्या करतात. फसलेला माणूस त्यांच्या भीतीनं गप्प बसतो आणि पैसे परत मिळायची जी काही शक्यता असते ती त्या गप्प बसण्यात निघून जाते.

लोभाचं आधी बघू. दामदुप्पट योजना, शेअर बाजारातली ‘खात्रीची टीप’ यांत लोभाचा भाग असतो, मान्य. पण खोट्या टेक सपोर्टच्या फोनमध्ये लोभ कुठे आहे? तिथे माणसाला काहीच मिळवायचं नसतं. त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं किंवा बिघडलंय असं त्याला सांगितलेलं असतं, आणि तो ते दुरुस्त करायला बघत असतो. बिल वेळेवर भरणारा, हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात देणारा, सरकारी कागद फाइलला लावून ठेवणारा माणूस यात अडकतो. त्याचा नीटनेटकेपणाच चोराच्या कामी येतो.

मी इथल्या एका रुग्णालयाच्या संगणक मदत विभागात आहे. दिवसभर लोक मला फोन करतात आणि मी त्यांच्या स्क्रीनवर जाऊन दुरुस्ती करते. चोर जे करतो ते वरवर पाहिलं तर अगदी माझ्या कामासारखंच दिसतं, म्हणून दोन्हींतला फरक मला नेमका सांगता येतो. खऱ्या मदतीची सुरुवात अडलेल्या माणसाकडून होते. तुमचा संगणक बिघडलाय हे जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाला आपोआप कळत नसतं. मायक्रोसॉफ्टनं तर स्पष्टच सांगितलंय की त्यांच्या धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर लाल पट्टी, कर्कश आवाज आणि ‘ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं दिसलं की ते खोटं, एवढं डोळे मिटून धरावं.

हे लोक पुरावा कसा ‘दाखवतात’ तेही सांगते. ते तुम्हाला विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात. त्यात लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी येते. कुठल्याही धडधाकट संगणकात ती असतेच, कारण छोट्यातली छोटी अडचणसुद्धा तिथे नोंदली जाते. पण ज्यानं ती पहिल्यांदाच पाहिली त्याला घाम फुटतो. मग ते काळ्या खिडकीत ‘असॉक’ असा शब्द टाइप करायला सांगतात. ओळी भराभर वर सरकतात आणि शेवटी शेवटी ‘८८८डीसीए६०’नं सुरू होणारा एक लांब आकडा दिसतो. फोनवरचा माणूस म्हणतो, ‘हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक, मी वाचून दाखवतो, जुळतो का बघा.’ अक्षर न अक्षर जुळतं. जुळणारच, कारण तो आकडा जगातल्या सगळ्या विंडोज संगणकांवर सारखाच असतो. जी गोष्ट शिकवल्याशिवाय कळत नाही ती कळली नाही म्हणून आपण एखाद्याला मूर्ख ठरवायचं?

आणि तेही अमळनेरच्या माणसाला! १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो याच गावात सुरू झाली. आजही गावातल्या जुन्या घरांत तिचे शेअर आहेत. पुढं ही कंपनी संगणकात गेली तेव्हा आमच्या माणसांनी ते शेअर विकले नाहीत, पोराबाळांसाठी सांभाळले. त्यांना व्यवहार कळत नाही असं पुण्या-मुंबईच्या पोरांनी म्हणू नये.

माझ्या मामांचं सांगते. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शाळेच्या हिशेबात दमडीचा घोळ होऊ दिला नाही असा त्यांचा लौकिक. घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून त्यांनी कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक गूगलवर शोधला. वर आलेला नंबर कंपनीचा नव्हता, पण हे त्यांना कळायचं कसं? फोनवरचा मुलगा हिंदीत, अतिशय अदबीनं बोलला. तक्रार नोंदवायला दहा रुपये भरा म्हणाला. त्याआधी ‘आमच्या इंजिनिअरला लाइन तपासता यावी’ म्हणून एनीडेस्क, म्हणजे आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप, घ्यायला लावलं आणि त्यात आलेला नऊ आकडी कोड वाचून घेतला. मामांनी दहा रुपयांसाठी कार्डाचा नंबर एका फॉर्ममध्ये भरला. मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांच्याइतकाच त्या मुलालाही दिसत होता. लाखावर रक्कम तुकड्यातुकड्यांनी गेली. या ॲपच्या आडून होणाऱ्या चोऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ते सावधपण मामांच्या घरापर्यंत आलं नव्हतं.

यापुढचा भाग मला जास्त लागला. मामी म्हणाल्या, ‘कोनले सांगू नको, लोक हसतीन.’ आणि मामांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. शेजारी पोलीस खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, समोर बँकेत काम करणारी मुलगी राहते, तरीही नाही. पंधरवडा उलटल्यावर आईच्या बोलण्यात मला काहीतरी वेगळं जाणवलं, खोदून विचारलं तेव्हा कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे वाटेतल्या खात्यांत गोठवता येतात, हीच त्या यंत्रणेची सगळी ताकद. पंधरवड्यानंतर गोठवायला काही उरत नाही. बँकेत गेलो तर उत्तर मिळालं, ‘ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला होता.’ नियमाच्या भाषेत हे उत्तर बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही. पण गुप्त माहिती ग्राहकाच्याच हातून गेली असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे ज्याला फसवलं त्यालाच निष्काळजी ठरवायचं आणि फाइल मिटवायची. व्हॉट्सॲप ग्रुप जे म्हणतो तेच नियम म्हणतो, फक्त शुद्ध भाषेत.

इंग्लंडमध्ये हा वाद झाला, अगदी याच मुद्द्यांवर झाला. भरपाई दिली तर लोक बेफिकीर होतील, असं बँका म्हणत होत्या. तरीही ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आला. देशातल्या देशात बँकेतून बँकेत पैसे पाठवायला लावून कुणी फसवलं तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकेनं द्यायची, साधारणपणे पाच कामकाजी दिवसांत. ग्राहकाकडून जास्तीत जास्त १०० पौंड कापता येतात, आणि वय, आजार, एकटेपण यांमुळे जो सहज सापळ्यात सापडेल अशाकडून तेवढेही नाहीत. अतिशय ढोबळ निष्काळजीपणा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. मर्यादा आधी ४ लाख १५ हजार पौंड ठरली होती, ती बँकांच्या दबावानंतर खाली आली. म्हणजे इथेही कुणी आपणहून मोठं मन दाखवलेलं नाही, भांडूनच मिळालंय.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच कलम. भरपाईचा निम्मा भार ज्या बँकेत चोराचं खातं होतं तिच्यावर पडतो. आपल्याकडच्या चर्चेत हा मुद्दा जवळजवळ येतच नाही. मामांचे पैसे हवेत गेले नाहीत. ते कुणाच्या तरी नावाच्या, केवायसी झालेल्या खात्यात गेले, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. ही भाड्यानं घेतलेली खाती कुठल्या तरी शाखेत, कुणाच्या तरी सहीनं उघडलेली असतात. गरजू पोराला चार पैसे देऊन त्याचं पासबुक आणि सिमकार्ड काढून घेतलेलं असतं. महिनोन् महिने ज्या खात्यात काही हललं नाही त्यात एका दुपारी लाख रुपये येतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात, हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही यावर माझा विश्वास नाही. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं अशी खाती हुडकायला म्यूलहंटर नावाची प्रणाली काढली आहे. ती असताना नुकसान मात्र एकट्या मुख्याध्यापकानंच सोसायचं, हे मला पटत नाही. त्या खात्याच्या बँकेला निम्मे पैसे भरावे लागले तर खातं उघडताना ती दोन प्रश्न जास्त विचारील.

दुसरी एक साधी सोय इथे आहे. १५९. बँकेतून बोलतोय असं कुणी सांगितलं आणि शंका आली की फोन ठेवायचा, १५९ फिरवायचा, तुम्ही थेट तुमच्या बँकेशी जोडले जाता. २०२१ पासून आहे. आपला १९३० पैसे गेल्यानंतरचा, हा जाण्याआधीचा. आपल्याकडे बँकांचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी व्यवस्था होते आहे. ती चांगलीच आहे, पण त्यात नंबर ओळखायचं काम पुन्हा घाबरलेल्या माणसाच्याच गळ्यात. त्याला गूगलवर न शोधता फिरवता येईल असा एक तीन आकडी नंबर द्या, एवढंच मागणं आहे.

इंग्लंडचं सगळं छान आहे असं म्हणायला मी हे लिहीत नाही. गिफ्ट कार्डवर गेलेले, क्रिप्टोत गेलेले, परदेशी पाठवलेले पैसे या नियमात बसत नाहीत, आणि चोर नेमके तिकडेच वळवतात. शिवाय एकटेपण इथे फार आहे. आमच्याच मदत विभागात एक निवृत्तीला आलेली बाई सांगत होती, तिच्या आईशी दिवसभरात बोलणारा एकमेव माणूस म्हणजे तो फसवणारा, चार दिवस रोज फोन करून तब्येत विचारत होता.

आणि तो भारतातून बोलत होता. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण गावाकडे मी एक वाक्य अनेकदा ऐकलंय: ‘गोऱ्यांनी दीडशे वर्षं लुटलं, आपल्या पोरांनी त्यांना थोडं लुटलं तर काय बिघडलं?’ ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर धाड घातली, तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावानं धमकावलं जात होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयच्या ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून खोट्या टेक सपोर्टवाल्यांवर छापे पडले. एफबीआयच्या अहवालात २०२३ या एका वर्षात टेक सपोर्टच्या नावाखाली अमेरिकेत गेलेली रक्कम ९२ कोटी डॉलरहून जास्त आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त गेलं ते साठीपुढच्यांचं. हा कुठला इंग्रज लाटसाहेब नाही, कुणाची तरी विधवा आई आहे, पेन्शनवर जगणारी. ज्या खुर्चीत बसून तिला एनीडेस्कचा कोड विचारला जातो तसल्याच खुर्चीतून मामांनाही विचारला गेला. तेच ॲप, तीच अदब, तोच ‘घाबरू नका, मी आहे ना’. परक्याच्या आईला लुटणं चालतं असं ज्या पोरानं एकदा ठरवलं, त्याला रावेरचा केळीवाला किंवा पारोळ्याची शिक्षिका लुटताना हात का थरथरावा? नोकरी नाही म्हणून पोरं तिकडे जातात हे मला माहीत आहे, आणि त्याचं दुःखही आहे. पण ओट्यावर बसून त्याचं कौतुक करू नका.

खानदेशात जे आहे ते मात्र मला इथे कुठेच दिसत नाही. गावात माणूस एकटा नसतो. फोन चालू असताना सुद्धा ‘काय व्हयनं?’ म्हणून कुणीतरी डोकावतं. शाखेतला कारकून तुम्हाला नावानं ओळखतो, तुमची बाकी साधारण किती असते हेही त्याला ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये २०१६ साली एक पद्धत मुद्दाम घालून द्यावी लागली: म्हातारं माणूस घाबरंघुबरं होऊन मोठी रक्कम काढायला आलं तर काउंटरवरच्यानं बोलतं करायचं, संशय आला तर पोलिसांना बोलवायचं. आपल्याकडे हे आपसूक होईल, जर फसलेल्याला हसायचं नाही एवढं आपण पाळलं तर.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं: कुणी म्हणालं की पैसे गेले, तर पहिलं वाक्य ‘१९३० लावला का?’ हे असू द्या. नसेल तर तुम्ही लावा, बँकेला सांगून कार्ड बंद करा, मोबाइलचं नेट बंद करून ते ॲप काढा, व्यवहाराचे मेसेज पुसू देऊ नका, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. कसं झालं, काय झालं, ते रात्री जेवणानंतर विचारा.

आणि बँकांना: नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्यातले पेन्शनर तुमच्या शाखेत येतात. त्यांना रांगेत उभं करता तेव्हा काउंटरवरच्या माणसानं प्रत्येकाचा मोबाइल हातात घेऊन शाखेचा आणि ग्राहकसेवेचा खरा नंबर त्यात भरून द्यावा, १९३० सुद्धा. स्क्रीन दाखवणारं एखादं ॲप आत असेल तर विचारून काढून टाकावं. माणशी दोन मिनिटं लागतील. यंदाच्या नोव्हेंबरापासून करा.