ट्वेंटेत घर घेताय? मग शेजाऱ्यांपासून जरा सांभाळून

नेदरलँड्सच्या पूर्वेला, ट्वेंटे भागातल्या एन्स्खेडेत नोकरी लागली, शहरात मनासारखं घर मिळेना म्हणून जवळच्या खेड्यात घेतलंत ना? छान केलंत. जिन्यात चपला मोजणाऱ्या काकू आणि पगार विचारणारे काका मागे राहिले, आता नुसती शांतता, गाई आणि प्रायव्हसी. याच समजुतीत राहा, तब्येतीला चांगलं असतं.

फक्त एक करा, आल्या आल्या आजूबाजूच्या घरांना बोलावून बिअर-कॉफी पाजू नका, पाजलीत की तुम्ही त्यांचे नॉबर झालात. ट्वेंटे आणि शेजारच्या आख्टरहूक भागाकडे शेजाऱ्याला नॉबर म्हणतात, आणि तो आवडीनिवडीवर ठरत नाही, कुठलं घर कुणाचं नॉबर ते आधीपासूनच ठरलेलं असतं. म्हणजे समोरच्याशी कुंपणावरून बोलणं बंद असलं तरी त्याच्या घरात लग्न, बारसं, मयत काही झालं की तुम्ही हजर पाहिजे. पूर्वी तर मयताची बातमी दारोदार सांगायची ते शवपेटी उचलायची इथपर्यंत सगळं नॉबरच करायचे, काही गावांत खांदा द्यायला अजूनही तेच असतात. एवढं सगळं एका बिअरपायी कशाला ओढवून घ्यायचं!

तरी बोलावलंतच? मग भोगा. कुणाच्या तरी लग्नाला २५ वर्षं होणार, किंवा साडेबारा (हो, साडेबारा, इथे तेही साजरं करतात), आणि त्यांच्या दारावर हिरव्या फांद्यांची कमान उभारायची असणार, त्यासाठी संध्याकाळी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये बसून ढिगाने कागदी गुलाब वळायचे, आणि तिथे चुकूनही सांगू नका की गणपतीचं मखर आम्ही घरीच करायचो, कारण सांगितलंत की पुढची प्रत्येक कमान तुमच्या गळ्यात. मी सांगितलं होतं. असो.

बाळ झालं की नॉबर मंडळी भलामोठा मनुक्यांचा पाव घेऊन येतात, कधीकधी तर शिडीवर ठेवून, मिरवत. तुम्ही पण डिंकाचे लाडू काढू नका, नाहीतर रेसिपी मागतील आणि डिंकाला डचमध्ये काय म्हणतात हे शोधण्यात तुमची रात्र जाईल. पुरुष पन्नाशीला पोचला की त्याच्या अंगणात बायबलमधल्या अब्राहमचा मोठ्ठा पुतळा उभा करतात, बाई असेल तर सारा. वय लपवायचं असेल तर ४९व्या वर्षीच घर विका. वाढदिवसाला गेलात तर गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसा, आणि ज्याचा वाढदिवस त्यालाच नाही तर त्याच्या बायकोला, सासूला, शेजाऱ्याला, सगळ्यांना 'अभिनंदन' म्हणत फिरा. कशाबद्दल ते विचारू नका. जेवण असेल या आशेवर तर मुळीच जाऊ नका.

आता शांततेचं बोलू. ख्रिसमसआधीच्या चौथ्या रविवारापासून ६ जानेवारीपर्यंत संध्याकाळी शेतातून लाकडी भोंगे वाजतात, मिडविंटरहॉर्न, ऐकायला बरे वाटतात. पण ३१ डिसेंबरला दुधाच्या जुन्या कॅनमध्ये कार्बाइड आणि पाणी घालून झाकण उडवतात, तेव्हा तुमच्या खिडक्या हलतील. पोलिसांत तक्रार करा की, तुमचा हक्कच आहे. फक्त फोन लावायच्या आधी कॅन पेटवणारा तो लालबुंद माणूस स्वतःच पोलीस नाही ना, एवढं खिडकीतून बघून घ्या.