अर्ध्या पुलाचं पूर्ण तिकीट

अर्ध्या पुलाला अर्धं तिकीट का नाही, हे एखाद्या बाईला फ्रेंचमध्ये विचारायची पाळी येईल, असं क्लासची फी भरताना वाटलं नव्हतं.

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये, आव्हिन्यों गावात, रोन नदीवरच्या बाराव्या शतकातल्या पुलाशी ही पाळी आली. मुळात 22 कमानी, लांबी जवळपास 900 मीटर. नदी पुरापुरात एकेक कमान नेत राहिली, लोक बांधत राहिले, आणि सतराव्या शतकात वैतागून त्यांनी नाद सोडला. आता उरल्यात 4. पूल गावातून थाटात निघतो आणि पाण्यातच थांबतो.

रांगेत बायकोशी पाण्याच्या बाटलीवरून वाद चालला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "पुण्याचे का?"

वळून पाहिलं. भर मे महिन्यात माकडटोपी. मिस्त्राल नावाचा तिथला उत्तरेचा वारा कान सोलून काढतो, त्यामुळे टोपीला मी हसलो नाही. काका पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, मुक्काम सांगली.

"साहेब, बावीसातल्या चार कमानी. म्हणजे अठरा टक्के काम. अठरा टक्के कामाला शंभर टक्के बिल मी नोकरीत कधी पास केलं नाही. विचारा तिला."

"काका, असं विचारत नाहीत."

"तुम्हाला फ्रेंच येतं ना?"

हे बायकोने त्यांना एव्हाना सांगून टाकलं होतं. विचारलं. खिडकीतल्या बाईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! काका माझ्या पाठीमागे निरागसपणे नकाशा बघत उभे. मग ती म्हणाली, "अर्धा कुठाय? जेवढा आहे तेवढा सगळा बघायला मिळतो."

मी मराठीत सांगितलं. काका खूश झाले. "अगदी ठेकेदाराचं उत्तर! आता विचारा, पाया किती खोल नेला होता? पाण्याने पायाखालची खरवड कुठे झाली? एम. बी., म्हणजे मोजमापाच्या वहीचं रेकॉर्ड असेल का?"

रांगेतल्या लोकांनी गाल फुगवून हवा सोडायला सुरुवात केली. एक बाई मला काहीतरी बोलली. तो धडा आमच्या क्लासमध्ये नव्हता, पण कळला.

"काकांचं बरोबर आहे पण," बायको म्हणाली.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! आदल्या दिवशी ते पाँ द्यु गार बघून आले होते. रोमनांनी नीम शहराला पाणी न्यायला बांधलेला तीन मजली जलसेतू, उंची 49 मीटर. "पन्नास किलोमीटरचा कालवा आणि उतार सगळा मिळून बारा-साडेबारा मीटर! म्हणजे किलोमीटरला वीतभर. पातळी मोजायला डंपी लेव्हल नाही, काही नाही. दोन हजार वर्षं उभा आहे. आणि हे बाराशेच्या आसपासचे लोक बघा. पाणी वाहून नेणारा पूल टिकला, आणि पाण्यावरचा पाण्याने नेला." मग रोमनांवरून गाडी आमच्याकडच्या कालव्यांवर आली आणि रांग पुढे सरकली तरी ते सरकेनात. शेवटी "मी नाही काढत तिकीट," म्हणून माझा नंबर मागून घेतला आणि निघून गेले. मी मात्र हट्टाने काढलं.

खरं सांगायचं तर त्या भागात जे उरलेलं नाही त्याचेच पैसे घेतात. शेजारीच पोपचा राजवाडा आहे. 1309 ते 1377 पोप रोम सोडून इथे राहायचे. वाडा प्रचंड, पण आत शुकशुकाट. पुढे तिथे सैनिकांची बराक झाली आणि शिपायांनी भिंतीवरच्या चित्रांतली डोकी कापून विकली. आता तिकिटाबरोबर हातात टॅब्लेट देतात. रिकाम्या भिंतीसमोर धरला की पडद्यावर गालिचे, ताटं दिसतात. हे मी घरी सोफ्यावर बसून बघितलं असतं. जवळच्या आर्ल गावात तीच तऱ्हा. चित्रकार व्हॅन गॉग राहायचा ते पिवळं घर 1944च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. त्याने रंगवलेल्या जागांवर त्या चित्रांच्या छापील प्रतींचे फलक लावलेत. लोक फलकाचा फोटो काढतात. मीही काढला, चिडत.

तर पुलावर पोचलो. वारा असा की दोन्ही हातांनी कठडा धरलेला. फोन वाजला.

"साहेब, पूल दिसतोय का?"

"मी पुलावरच आहे, काका."

"म्हणूनच विचारतोय. पुलावरून पूल दिसत नाही. इथे वर टेकडीवर बाग आहे, रोशे दे दों. फुकट. अख्खा पूल दिसतोय. तुम्हीही दिसताय. जरा डावीकडे सरका. अजून थोडं. हां, हलू नका."

का कोण जाणे, सरकलो.

रात्री फोटो आला. फोटो उत्तम होता, चारही कमानी आल्या होत्या. काकांनी तो त्यांच्या निवृत्त अभियंत्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्याचा स्क्रीनशॉट मला प्रेमाने पाठवला. खाली लिहिलं होतं : "माप कळावे म्हणून एक माणूस उभा केला आहे."

त्याखाली कुणा सेवानिवृत्ताचा शेरा : "माणूस वाकलेला आहे. माप धरता येणार नाही."