बिल स्पॅममध्ये, व्याज मात्र वेळेवर

सोसायटीच्या ॲपने पाठवलेला मेंटेनन्स बिलाचा मेल जीमेलने लाल पट्टी लावून स्पॅममध्ये टाकला. मुदत गेली, २१ टक्क्यांनी व्याज लागलं आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या कमिटीने ग्रुपवर टाकलं, "मेंबर्सनी कृपया नॉट स्पॅम करावे." म्हणजे चूक जीमेलची, त्याखालोखाल आमची. ॲप बनवणारे साहेब तेवढे धुतल्या तांदळासारखे. हे यश इतरांनाही लाभावं म्हणून सोसायटी ॲप काढायला निघालेल्या ठाणे-नवी मुंबईतल्या होतकरूंसाठी थोडं मार्गदर्शन.

डीएनएसच्या, म्हणजे डोमेनच्या (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) जाहीर नोंदवहीच्या, वाटेला जाऊ नका. आपल्या डोमेनच्या नावाने कुठला सर्व्हर मेल पाठवू शकतो, याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. डिलिव्हरीवाल्या पोराला गेटवर फोटो आणि ओटीपीशिवाय आत न सोडणाऱ्या तुमच्या ॲपने स्वतःची ओळख का म्हणून द्यावी? लावायचाच झाला तर दोन लावा, एक जुन्या होस्टिंगवाल्याचा, एक नव्या मेल सर्व्हिसचा. एका डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड दिसले की समोरचा सर्व्हर एरर देतो आणि दोन्ही बाद होतात. किंवा एकाच रेकॉर्डमध्ये दिसेल त्या मेल सर्व्हिसची यादी इन्क्लूड करत सुटा. त्यासाठीच्या डीएनएसमधल्या विचारणा (लुकअप) १० च्या वर गेल्या की तोच निकाल.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. ती तपासायची २०४८ बिटची की डीएनएसमध्ये एका तुकड्यात २५५ अक्षरांपर्यंतच मावते. उरलेली सोडून द्या, कोण बघतंय.

डीएमएआरसी, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण, 'नन'वर (काहीच करू नका) ठेवा आणि त्याचे रिपोर्ट नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या इनबॉक्सवर पाठवा.

रहिवाशाने तक्रार टाकली की सेक्रेटरींना जाणारा मेल त्या रहिवाशाच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दाखवा. त्याचा पत्ता याहूचा असेल तर उत्तमच, याहूचं डीएमएआरसी धोरण 'रिजेक्ट' (नाकारा) आहे, मेल बहुतेक ठिकाणी दारातूनच परत जाईल. मेल आपल्या पत्त्यावरून पाठवून उत्तर रहिवाशाकडे वळवणारी रिप्लाय-टू नावाची सोय याचसाठी असते म्हणे.

बिल झिपमध्ये द्या. पासवर्ड त्याच मेलमध्ये.

नोंदणी फॉर्ममध्ये नावाच्या रकान्यात काहीही लिहू द्या. मग कुणी भामटा दुसऱ्याचा ईमेल आणि नावाच्या जागी "५ लाख जिंकलात" अशी लिंक टाकेल, आणि तुमचा सर्व्हर "नमस्कार" म्हणत ती घरपोच करेल, तुमच्या सहीनिशी.

आणि लिंक! लिंक सरळ देऊ नका. बटणावर सोसायटीच्या पोर्टलचा पत्ता लिहा. क्लिक आधी मेल सर्व्हिसच्या ट्रॅकिंग डोमेनवर जाऊ दे, तिथून शॉर्टनरवर (लिंक आखूड करणाऱ्या सेवेवर), तिथून कुठल्यातरी फुकट होस्टिंगवर. दिसतो एक पत्ता आणि उघडतो दुसरा, हीच तर फिशिंगची खूण. शिवाय ते ट्रॅकिंग डोमेन शेकडो जणांत सामायिक, त्यातल्या एकाने फसवणूक केली की डाग तुमच्या बिलावर. कशासाठी हा सगळा खटाटोप? किती जणांनी क्लिक केलं ते मोजायला? अहो, बिल भरलं की कळतंच ना! मोजायचंच असेल तर ट्रॅकिंगला स्वतःचं सबडोमेन जोडता येतं, डीएनएसमध्ये एक सीनेम रेकॉर्ड (एका नावाला दुसऱ्या नावाशी जोडणारी नोंद) लागतो. वर मजकूर काय, तर "आजच भरा, अन्यथा सेवा बंद". "आज रात्री वीज कापली जाईल" म्हणणारे भामटे याहून वेगळं काय लिहितात? लोकांना पत्त्यावरूनच बँक ओळखता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन'वर यायला लावलं. आणि तुम्ही शॉर्टनर लावता! इथली निम्मी माणसं ऐरोली-महापेच्या ऑफिसांत फिशिंगचं ट्रेनिंग घेऊन येतात, शिकवल्याप्रमाणे तुमच्या मेलला हात लावत नाहीत, आणि शहाणपणाचं व्याज भरतात.

इंटिरियरवाल्यांच्या जाहिराती आणि पासवर्ड रीसेट एकाच डोमेनवरून पाठवा. जाहिरातींना वैतागून लोक स्पॅम दाबतात, तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की गूगल सगळंच बुडवतं. रीसेटसकट.

"मेंबर्सना नॉट स्पॅम करायला सांगा" असं कमिटीला सांगायला तुमच्याकडे वेळ आहे, कामाला नाही? तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं याची आधी यादी करा, ॲप, हिशेबाचं सॉफ्टवेअर, जाहिराती, सगळं. एसपीएफ एकच ठेवा. डीकेआयएमची सही तुमच्याच डोमेनची हवी, मेल सर्व्हिसच्या नव्हे, कारण डीएमएआरसी 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी ती जुळवून बघतं. की तुटत असेल तर दोन अवतरणचिन्हांच्या जोड्यांत दोन तुकडे द्या. 'नन'वर काही आठवडे रिपोर्ट वाचा, राहून गेलेले सर्व्हर सापडले की 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट'. जाहिरातींना वेगळं सबडोमेन द्या आणि अनसबस्क्राइब एका क्लिकचं ठेवा. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडून गूगल ते २०२४ पासून मागतंय. या रेकॉर्डना पैसे पडत नाहीत. दुपारभराचं काम आहे, आणि ते टाळून तुम्ही दर महिन्याला सोसायटीकडून वर्गणी घेता. स्वतःचा मेल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी तिन्हींपुढे 'पास' दिसत नाही तोवर नव्या फीचरचा डेमो घेऊन आमच्या मीटिंगला येऊ नका.