"ताई, फक्त नाव द्या"

दुपारी आमटीला फोडणी घालत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, पोरगा गोड बोलणारा. "ताई, आपल्या एरियात नवा क्लब काढतोय. 19 नावं झालीत, तुमचं आलं की 20. तुम्हाला काहीच करायचं नाही. मीटिंगला नाही आलात तरी चालेल, पहिल्या वर्षाचे पैसेपण आम्हीच भरू. फक्त नाव द्या."

मोहरी करपली. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून नुसती धुसफुसतेय.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. रोटरी घ्या नाहीतर लायन्स, या समाजसेवा करणाऱ्या क्लबांच्या संस्था. त्यांचा नवा क्लब काढायचा तर निदान 20 चार्टर मेंबर, म्हणजे संस्थापक सभासद लागतात. यांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, 30 जूनला संपतं. त्यामुळे जून आला की काही पदाधिकाऱ्यांची लगीनघाई सुरू. माझ्या वर्षात किती नवे क्लब झाले, हा आकडा स्टेजवरून वाचायचा असतो ना! मग बायको, मेहुणा, मेहुण्याचा सीए, सीएच्या ऑफिसातली रिसेप्शनिस्ट असे 20 भरतात. चार्टर नाइटला, म्हणजे नव्या क्लबच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला, कोट घालून, पिना लावून फोटो. पुढच्या पावसाळ्यात विचारा, त्यातले 6 जण तरी एकमेकांना ओळखतात का ते.

आता काकांबद्दल. माझ्या लिस्टमधल्या जुन्या मुलुंडकरांना कोण ते कळेलच, कमेंटमध्ये नाव टाकू नका, त्यांना आवडणार नाही.

2014 चा जुलै. बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डिस्चार्ज मिळाला नेमका संध्याकाळी. घरी आणल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा. बाबा खाली बसणार कसे? भर पावसात, रात्री साडेदहाला कमोड चेअर कुठून आणायची? शेजारणीने अशाच एका क्लबातल्या काकांचा नंबर दिला. काका बनियनवर शर्ट अडकवत खाली आले, मीटर रूमच्या बाजूच्या, क्लबच्या खोलीचं कुलूप काढलं. आत वॉकर, कुबड्या, वॉटर बेड, दोन व्हीलचेअर, सगळं ओळीने. 500 रुपये डिपॉझिट, वहीत नाव. मग खाली उकिडवे बसून जुन्या पंचाने खुर्चीची चारही चाकं पुसली आणि म्हणाले, "परत आणताना अशीच पुसून आणा. पुढच्या पेशंटच्या घरात चिखल नको जायला."

क्लब म्हणजे ती किल्ली. बाकी सगळं बॅनर.

पुढे मी त्याच क्लबात गेले. कुठल्या संस्थेचा, ते सांगणार नाही, उगाच वाद नकोत. 30-35 जण होतो. मग वरून टूम निघाली, वाढ दाखवा, नवे क्लब काढा. नवी माणसं शोधायला वेळ कुणाला? जुन्यातलीच फोडली. एकाच पिन कोडमध्ये तीन क्लब, तीन प्रेसिडेंट, तीन बॅनर आणि काकांच्या खोलीचं भाडं भरायला कुणीच नाही. माणशी ड्यूज, म्हणजे वर्गणी, मात्र तिन्हीकडून वरच्या संस्थेकडे जात राहिले. दोन वर्षांत तिन्ही बंद.

हो, मान्य. नवे क्लब निघालेच नसते तर 1929 साली मुंबईत रोटरी आली नसती. आम्हा बायकांना तर 1989 पर्यंत रोटरीत अधिकृत प्रवेशच नव्हता, जुन्या खोडांनी आपणहून कुठे जागा दिली? पोलिओच्या कामात या लोकांनी काय घाम गाळला, तेही ठाऊक आहे. पण ही रोटरी 1905 साली शिकागोत सुरू झाली तेव्हा ऑफिसच्या एका खोलीत चौघं जमले होते. चौघं! 20 नाही. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचे, म्हणून नाव रोटरी. आणि सुरुवातीच्या कामांतलं एक काय, तर शहरात सार्वजनिक संडास व्हावेत म्हणून खटपट. मला हसू येतं, कारण आमची गोष्टही संडासावरच येऊन थांबते.

इतका वेळ त्या पोरावर तोंडसुख घेतलं, पण एक गोष्ट दडवून ठेवली होती. त्या तीन क्लबांतल्या एकाच्या चार्टरवर माझी सही आहे. मलाही असाच फोन आला होता. "फक्त नाव द्या." व्हाइस प्रेसिडेंट करतो म्हणाले, मी हुरळले. काकांना विचारलंसुद्धा नाही. चार्टर नाइटला ते शेवटच्या रांगेत बसले होते, जेवले, जाताना म्हणाले, "छान झालं हो." तेवढंच.

म्हणून त्या पोराचा राग येईना आता. आवाजावरून पंचविशीचा असेल. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, 20 आण, तुला सेक्रेटरी करतो. उद्या फोन करते त्याला. नाव देणार नाही. पण काका आता 81 चे आहेत, जिने उतरवत नाहीत. त्यांच्याकडे एकदा घेऊन जाईन. 19 जण सोड म्हणेन, तू एकटा ये.

खोली रिकामी केली तेव्हा सामान वाटलं गेलं. एक कमोड चेअर आणि दोन वॉकर माझ्या माळ्यावर आहेत. मुलुंड पूर्व. कुणाला लागले तर इनबॉक्स करा, रात्री-अपरात्री चालेल. डिपॉझिट नको. परत आणताना चाकं पुसून आणा.