काश्यप गोत्राची बरगडी

मेडिकलला नंबर लागला की घरात पेढे येतात, आणि दहावीनंतर ज्यांनी ओळखही दाखवली नव्हती त्या लांबच्या काकू फोन करून "चला, आमच्या गुडघ्यांची सोय झाली" म्हणून मोकळ्या होतात. पेढ्यांपाठोपाठ हाडं येतात हे मात्र कुणी सांगत नाही. नीटच्या क्लासवाल्यांनी आमचे फोटो भिंतभर लावले, पण त्या फोटोंतल्या मुलांच्या घरी पुढे काय झालं याचं पोस्टर काही मी कुठं पाहिलं नाही.

पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी असते आणि अ‍ॅनाटॉमीतली हाडं चित्रात बघून भागत नाहीत. तोंडी परीक्षेत सर हातात एक हाड ठेवतात आणि म्हणतात, "साइड बताओ." उजवं की डावं ते सांगता आलं, तर पुढे स्नायू, शिरा, सगळा जन्म विचारतात. नाही आलं तर पुढचं काही विचारतच नाहीत, आणि ते न विचारणं फार वाईट. म्हणून हाड हातात धरून, फिरवून, डोळे मिटून चाचपून पाठ करावं लागतं. होस्टेलवाल्यांचं बरं असतं. तिथं कवटी टेबलावर, कवटीला गॉगल, आणि कुणाला काही वाटत नाही. मी डे-स्कॉलर. माझं घर इंदूरच्या रामबागेत, आणि घरात आजी.

नोव्हेंबरात एका सीनियरकडून हाफ सेट घेतला. माणूस डावा-उजवा सारखाच, म्हणून एकाच बाजूचे हात-पाय, एकाच बाजूच्या बरगड्या, थोडे मणके आणि एक कवटी, असा तो मामला असतो. सगळं एम. टी. क्लॉथ मार्केटच्या साडीच्या पिशवीत मावलं, मांडीचं हाड सोडून. शरीरातलं सगळ्यात लांब हाड ते, कुठल्याच पिशवीत मावत नाही. राजवाड्याच्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हा शेजारच्या मोटरसायकलवरचे काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "अरे, अभी से आ गए गराडू? क्या भाव लिए?" गराडू म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात तळून खातात तो लांबुळका कंद. मी हिरवा दिवा लागायची वाट पाहिली नाही.

घरी आल्यावर मला वाटलं होतं आजी विचारेल, हे काय आणलंस. आजीनं पिशवीत डोकावून विचारलं, "कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"कुणाची तरी असतीलच ना गं. आपोआप थोडीच उगवतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. देहदानातून आलेल्या देहाला आपला पहिला गुरू मानायचं, ही शपथ आम्ही कॉलेजात घेतली होती. पण पिशवीतल्या गुरूंचं नावगाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सीनियरला त्याच्या सीनियरनं दिली, त्याला त्याच्या सीनियरनं. मग मी मोठ्या आवाजात इतिहास सांगितला (उत्तर नसलं की इतिहास सांगावा). म्हटलं, या गावात १८७८ पासून डॉक्टरी शिकवतायत, पुढे जिचं किंग एडवर्ड मेडिकल स्कूल झालं त्या शाळेपासून. तेव्हाही घरोघरी हाडं येतच असतील. म्हटलं, एके काळी जगभरच्या कॉलेजांना सांगाडे आपल्याच देशातून जायचे, १९८५ साली सरकारनं निर्यात बंद केली.

"बंद कशाला केली?" आजी म्हणाली. "चालू असती तर ही विलायतेला गेली असती. माझ्या घरात आली नसती."

मग जागेचा प्रश्न आला. माझ्या खोलीची भिंत देवघराला लागून, म्हणून तिथं नाही. माळ्यावर नाही, कारण माळ्याखाली आजी झोपते. जिन्याखाली नाही, कारण तिथं लोणच्याच्या बरण्या. बाबा आयुष्यभर बँकेत, त्यांनी लॉकरची कल्पना काढली. आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शेवटी गॅलरीत आजोबांची पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर एकमत झालं. ट्रंक दक्षिणेकडच्या भिंतीला लावायची, वर हळदीकुंकवाचं काही ठेवायचं नाही, आणि हाड शिवलं की डोक्यावरून पाणी.

हे शेवटचं कलम मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. डिसेंबर आला, पारा दहाच्या खाली गेला आणि कलमाचा अर्थ कळला. माझी मैत्रीण रात्री अंथरुणात बसून मनगटाची आठ हाडं तळहातावर खेळवायची. मी पहाटे आंघोळीच्या आधी, गॅलरीत, स्वेटरवर स्वेटर घालून बसायची, कारण एकदा आंघोळ झाली की दिवसभर त्या ट्रंकेला हात लावायची सोय नव्हती. दुपारी शंका आली की मनगटातल्या हॅमेट नावाच्या हाडाचा आकडा नक्की कुठल्या बाजूला वळतो, तर आधी हिशेब करायचा: ही शंका एका आंघोळीच्या लायकीची आहे का? बहुतेक शंका नसायच्या. त्यामुळे मी एकदा पाहिलेलं हाड विसरेनाशी झाले. वर्गात "इसकी मेमरी फोटोग्राफिक है" असा माझा लौकिक झाला. तो गीझर बिघडल्याचा परिणाम होता हे मी कुणाला सांगितलं नाही.

आईनं एक पळवाट काढली. ती शाळेत विज्ञान शिकवते, पण सासूबाईंपुढे विज्ञान नेहमी प्रश्नाच्या रूपात मांडते. "आई, यातली काही प्लास्टिकची असली तर? प्लास्टिकला कसला विटाळ?" आजीनं विचार केला आणि मान्य केलं. मग एका रविवारी बाबांनी गॅसवर दाभण तापवलं आणि गॅलरीत चाचणी सुरू झाली. दाभण टेकवल्यावर वितळलं तर प्लास्टिक, केस जळल्याचा वास आला तर खरं. निकाल असा लागला की मनगट आणि पाऊल प्लास्टिकचं, बाकीची खरी. सीनियरनं पैसे सगळ्यांचे खऱ्याचे घेतले होते. आजीला मात्र आनंद झाला. तिनं प्लास्टिकच्या हाडांना लाल दोरा बांधून टाकला. लाल दोरा म्हणजे आंघोळ नाही. डिपार्टमेंटमध्ये एकदा सरांनी तो दोरा बघून विचारलं, हा कुठला लिगामेंट.

त्याच सुमारास आजीच्या हाती हिंदीतलं अ‍ॅनाटॉमी लागलं. आमच्या राज्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला अमित शहांच्या हस्ते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली. माझं शिक्षण इंग्रजीतूनच, पण एका मित्राचं पुस्तक घरी राहिलं होतं. आजी ते रोज दुपारी चष्मा लावून, बोट फिरवत, पोथीच्या लयीत वाचायला लागली. पुस्तक शिवायला हरकत नव्हती. कागद तो कागद. चार दिवसांनी तिनं मला बोलावलं. "माणसात दोनशे सहा असतात म्हणे. तुझ्याकडे किती आहेत?" मग स्वतः सोवळ्यात चार हात लांब उभी राहून तिनं माझ्याकडून सगळी मोजून घेतली आणि यादी कॅलेंडरच्या मागे लिहिली. लग्नाला भाड्यानं आणलेली भांडी मोजतात, तशी ती पुढे दर महिन्याला मोजायची.

ही यादी नसती तर पुढचं काही घडलंच नसतं. पावसाळ्यात माझा आतेभाऊ आला. वजनदार मुलगा. मी अभ्यासाला बाहेर काढलेल्या हाडांवर चादर टाकून पाणी प्यायला गेले आणि तो चादरीवर बसला. एका बरगडीचे दोन तुकडे झाले. मी फेव्हिक्विक शोधत होते, तोवर आजीची मोजणी आली.

"भंगलेलं घरात ठेवायचं नाही," आजीनं निकाल दिला. मूर्तीला लागतो तो नियम बरगडीलाही लागला.

टाकायची कुठं? आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय. कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे आहेत. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक. यात बरगडी कुठं बसते हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. सकाळी गाडी दारात आली तेव्हा आई वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे हातात धरून उभी राहिली, आणि विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे खरं बोलली.

"भैया, ये पसली किसमें डालें?"

"किसकी है?" गाडीवाल्यानं विचारलं. या प्रश्नापासून आमची सुटका नव्हती. आई गप्प राहिलेली बघून तोच मदतीला धावला आणि गाडीवरच्या गाण्याच्या वरचा सूर लावून म्हणाला, "मटन की है तो गीले में डाल दो आंटी, शरमाना क्या!"

रामबागेत, सकाळी साडेसातला, श्रावण सोमवारी. समोरच्या कुलकर्णी आजी तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांचा तांब्या थांबला. आई तुकडे घेऊन आत आली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"नर्मदेत सोडा," आजी म्हणाली. "हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

बाबांनी पेट्रोलचा भाव काढला. मग म्हणाले, "आई, नर्मदा आपल्या नळालाच येते. जलूदहून, सत्तर किलोमीटर पाइपातून, विंध्याचल चढून. बादलीत सोडली तर?"

"नळाची नर्मदा महापालिकेची. तिच्यात क्लोरीन असतं."

तर रविवारी आम्ही नर्मदेवरच्या खेडीघाटला निघालो. पुढे बाबा आणि आजी, मागे आई, मी आणि नव्या रुमालात बरगडी. भेरूघाटात एका ट्रकच्या मागे अडकलो, आणि त्या वेळात आजीनं मला बरगडीवर बोलतं केलं. ही कितवी? म्हटलं, तिसरी ते नववी सगळ्या एका घाटणीच्या, सुटी मिळाली तर नक्की सांगणं कठीण, पण पाचवी-सहावी असावी. आतल्या बाजूला खालच्या काठाला जी खाच असते तिच्यातून शीर, रोहिणी आणि मज्जातंतू जातात, वरून खाली याच क्रमानं. आजीला ते पुस्तकातून पाठ होतं. मी क्रम चुकते का एवढंच ती बघत होती.

घाटावर गुरुजी भेटले. त्यांनी आसन घातलं, हातात पाणी दिलं आणि बाबांना विचारलं, "नाम?"

"मालूम नहीं," बाबा म्हणाले.

"गोत्र?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अभ्यासक्रमात गोत्र नाही. गुरुजींनी तो प्रश्न स्वतःच सोडवला. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. एका वाक्यात आमचा पाहुणा काश्यपगोत्री झाला.

"पुरुष या स्त्री?"

इथं मला तोंड उघडता आलं. मी म्हटलं, कवटीवरून आणि कमरेच्या हाडावरून सांगता येतं. कमरेच्या हाडाची मागची खाच रुंद असली तर बाई, अरुंद असली तर पुरुष. नुसत्या बरगडीवरून नाही सांगता येत.

"कमर की हड्डी कहाँ है?"

"घर पर. ट्रंक में."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. "बाकी शरीर घर पर है?"

"आधा," बाबा म्हणाले. त्यांना खुलासा करायचा होता.

"तो बाकी क्यों नहीं लाए?"

आजी पुढे झाली. "इसकी परीक्षा है," ती म्हणाली, आणि गुरुजींना ते पटलं. आपल्याकडे परीक्षेपुढे काहीही थांबतं.

पण माझ्या तोंडून आणखी एक खरी गोष्ट निघून गेली. कवटी, मांडी, बरगडी ही सगळी एकाच माणसाची असतीलच असं नाही. सेट जुळवलेला असतो. माझ्या सेटमधलं मांडीचं हाड चांगल्या उंच माणसाचं आहे आणि खांद्याचं एखाद्या चणीनं लहान बाईचं. यावर आजी, आई आणि गुरुजी, तिघांनी एकदम विचारलं, "किती जणं?" गुरुजींनी अर्थात हिंदीत.

मी बोटांवर मोजत म्हटलं, चार तरी असावेत. गुरुजींनीही बोटांवर मोजलं, पण वेगळं काहीतरी. दक्षिणा एका माणसाची ठरली होती, ती चौघांची झाली. आईनं विचारलं, बरगडी तर एकाचीच आहे ना? गुरुजी म्हणाले, "किसकी है ये आप बता दो, एक का ले लूँगा." बाबांनी पाकीट काढलं.

परीक्षेत मला सरांनी खुब्याचं हाड दिलं. साइड सांगितली, खाच दाखवली, बाई म्हटलं. पास झाले. बाकीच्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, बायोकेमिस्ट्री होती.

निकाल लागल्यावर सेट विकायला काढला. रतलामची एक मुलगी आईवडिलांबरोबर आली. मराठीच मंडळी. आईनं पोहे केले, वर रतलामचीच शेव घातली. मुलीच्या बाबांनी ट्रंक उघडून नीट तपासणी केली, लाल दोऱ्यांबद्दल काही विचारलं नाही, आणि मग म्हणाले, "यात एक बरगडी कमी दिसते. पाचशे कमी करा."

बाबा कमी करणारच होते. तेवढ्यात आतून आजी आली, हातात कॅलेंडरची यादी.

"कमी कसे? उलट पाचशे जास्त द्या. चौघांचंही कार्य झालेलं आहे. खेडीघाटाला, विधिपूर्वक. बाजारात असा सेट मिळतो का बघा."

मुलीच्या बाबांनी आमच्याकडे बघितलं. मुलगी कवटीचा जबडा उघडून दात मोजत होती. तिच्या आईनं पर्स उघडली, पाचशे जास्त मोजले, आणि निघताना माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सासूबाई आहेत हो. त्या गुरुजींकडून लेखी काही मिळेल का?"