वॉकरने बाळ लवकर चालत नाही, आणि त्या मेसेजमधलं बाकीचं पण चुकीचं आहे

आमच्या यावलच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिलाय: सहाव्या महिन्यात बाळाला वॉकरमध्ये टाका म्हणजे लवकर चालेल, वर्षाचं होऊन चाललं नाही तर बाळ मंद समजा, आणि आतापासून एकच हात पुढे करत असेल तर बाळ हुशार. मी ओटीच्या म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या बाळांचं निरीक्षण करायचीच पोस्टिंग झाली, म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी वॉकर. त्यात बाळ झोळीत लटकल्यासारखं बसतं आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही, स्वतःचे पाय पण दिसत नाहीत. चालायच्या आधी बाळ खाटेचा पाय धरून उभं राहतं, धपकन बसतं, परत उठतं, धरून धरून बाजूला सरकतं, ती सगळी मेहनत वॉकर खाऊन टाकतो. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात वॉकरवाली बाळं बसायला, रांगायला, चालायला उलट उशिरा लागली होती. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली, कारण पायऱ्यांवरून पडून डोक्याला मार. आपल्याकडे ओट्याला पायऱ्या आणि खाली चूल पेटलेली, वॉकर सेकंदाला तीन फूट पळतो, तुम्ही कढईवरून हात काढेपर्यंत बाळ पोचलेलं असतं. त्यापेक्षा खाली गोधडी टाका आणि समोर वाटी-चमचा ठेवा.

वर्षाचं म्हणाल तर डब्ल्यूएचओने पाच देशांतली निरोगी बाळं बघितली, त्यात भारत पण होता, आणि आधाराशिवाय चालायचा काळ निघाला साधारण ८ ते साडेसतरा महिने. म्हणजे तेराव्या महिन्यात न चालणाऱ्या बाळाला मंद म्हणणं अन्याय आहे, आणि आजी मग त्या बाळाच्या आईलाच बोलते, ते मला फार लागतं. दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाचे तर तेवढे आठवडे वजा करायचे असतात. अठरा महिने होऊन पण चालत नसेल तर मात्र दाखवाच, उगाच थांबू नका.

आता हाताचा मुद्दा, आणि यासाठीच मी लिहायला बसले. पहिल्या वर्षात बाळाने दोन्ही हात सारखे वापरायला पाहिजेत. मावसबहिणीचं बाळ आठ महिन्यांचं, सगळे कौतुक करून राहिले होते की बघा कसं डावखुरं आहे. मी चमचा मुद्दाम उजव्या बाजूला ठेवला, तर त्याने डावा हात अंगावरून वळवून घेतला, आणि उजव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत. तीनदा ठेवला, तीनदा तेच. मी निदान करू शकत नाही, अजून शिकतेय, पण एवढ्या लवकर एकच हात म्हणजे दुसऱ्या बाजूला काहीतरी कमी पडतंय का हे तपासायलाच लागतं, आणि लवकर कळलं तर थेरपीचा उपयोग जास्त होतो. यासाठी सरकारी सोय पण आहे, २०१३ पासून आरबीएसकेची म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, गरज वाटली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते.

बहीण आधी रडली, मग म्हणे तुला काय एवढं कळतं. सोमवारी जळगावला नेताहेत, मी पण सोबत चालले.