परवानगीची अट आणि तुमचा आक्षेप

सप्रेम नमस्कार,

सार्वजनिक न्यासाच्या (देवस्थान, धर्मादाय संस्था अशा लोकांसाठीच्या ट्रस्टच्या) कारभाराबाबत दावा लावण्याआधी न्यायालयाची परवानगी मागायला लावणे म्हणजे सामान्य माणसाला पायरीवरच अडवणे होय, आणि त्याचा फायदा फक्त विश्वस्तांना होतो, असे तुम्ही लिहिले आहे. आक्षेप गंभीर आहे, पण तो चुकीच्या जागी लावला आहे, असे मला वाटते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 92 नुसार, सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्ताला काढावे, हिशेब मागावेत किंवा कारभाराची योजना ठरवावी यासाठी महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचा सर्वोच्च विधी अधिकारी, दावा लावू शकतो, किंवा न्यासात हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने तो लावू शकतात. 1976 च्या दुरुस्तीपूर्वी अशा व्यक्तींना महाधिवक्त्याची लेखी संमती घ्यावी लागे. सरकारच्या विधी अधिकाऱ्याकडचा हा अधिकार न्यायाधीशाकडे आला, तर त्याला दार बंद होणे कसे म्हणावे? शिवाय न्यासाशी संबंध असलेल्या प्रत्येक नाराज माणसाने स्वतंत्र दावा लावला, तर वकिलांच्या फीपायी जाणारा पैसा बहुधा न्यासाचाच असतो, ही गोष्ट तुमच्या लिखाणात राहून गेली आहे.

पुरावा न पाहता न्यायाधीश ठरवणार कसे, हा तुमचा दुसरा प्रश्न. या टप्प्यावर पुरावा तपासायचाच नसतो. न्यास सार्वजनिक आहे का, अर्जदारांचा त्यात हितसंबंध आहे का, मागण्या कलमात बसतात का, आणि खासगी हेवेदाव्याला लोकहिताचा मुलामा तर दिलेला नाही ना, एवढे वादपत्रावरून, म्हणजे दाव्याच्या लेखी अर्जावरून, प्रथमदर्शनी पाहायचे असते. परवानगी देण्यापूर्वी प्रतिवादींना नोटीस देणे बंधनकारक नाही, मात्र खबरदारी म्हणून ती सामान्यतः द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. माझ्या मते खरा धोका इथे आहे. नोटीस मिळालेला प्रतिवादी जाडजूड उत्तर दाखल करतो, तारखा पडत जातात आणि प्राथमिक छाननीचाच खटला होऊन बसतो. प्रक्रियेचा गैरवापर फक्त वादीच करतो, असे मुळीच नाही.

महाराष्ट्रात तुमच्या आक्षेपाला अधिक आधार आहे, कारण इथे कलम 92 ऐवजी 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याची कलमे 50 आणि 51 लागू होतात, आणि संमती धर्मादाय आयुक्तांकडून, म्हणजे न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून, घ्यावी लागते. ते न्यायालय नव्हे. दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्याच्या कलम 15(2) मुळे त्या संमतीसाठी गेलेला काळ मोजला जात नाही, एवढा दिलासा आहे.

तुम्ही ज्या 1971 च्या राज्य कायद्याचा उल्लेख केला, तो याहून वेगळा आहे. वाजवी कारणाशिवाय वारंवार तापदायक दावे लावणाऱ्या विशिष्ट व्यक्तीपुरता तो आहे. महाधिवक्त्याने अर्ज केल्यावर आणि त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकल्यावरच उच्च न्यायालय तिने परवानगीशिवाय दावा लावू नये असा आदेश देते, आणि त्यानंतरही तिच्या नव्या दाव्याला प्रथमदर्शनी आधार दिसला, तर परवानगी मिळू शकते.